नीसला वाळू शोधू नका, लोकल पकडा

प्रश्न: आम्ही ठाण्याचे. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघं पुढच्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सात रात्रींसाठी फ्रेंच रिव्हिएराला, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला, जायचं म्हणतोय. डोळ्यांसमोर गोवा आहे: हॉटेलातून उतरलं की वाळू, मुलाला दिवसभर पाणी. पण नीसला नुसते दगड आहेत असं एक जण सांगतो, दुसरा म्हणतो कानला राहा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. मला पोहताना अंगभर कपडे लागतात. सासूबाईंची एकच इच्छा आहे, मार्सेलला सावरकरांनी उडी मारली ती जागा बघायची. हे सगळं एका सहलीत कसं बसवू? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, दगडांचं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. नीसचा संपूर्ण किनारा गोट्यांचा आहे. करड्या-पांढऱ्या, मुठीएवढ्या, गुळगुळीत गोट्यांचा. वाळूचा किल्ला करायला मूठभर वाळूसुद्धा मिळणार नाही. तरीही मुक्काम नीसलाच करा. या किनाऱ्याला धरून एक रेल्वेमार्ग जातो, कान, आंतीब, नीस, व्हिलफ्राँश, मोनॅको, माँतों अशी गावं ओवत थेट इटलीच्या सीमेपर्यंत, आणि त्यावर दिवसभर लोकल धावतात. नीसमध्ये हॉटेलं सगळ्यांत जास्त, म्हणून दरांत निवड मिळते, आणि दोन्ही दिशांची गावं सारखीच हाताशी येतात. कान दिसायला देखणं आहे, वाळूही आहे, पण ते एका टोकाला पडतं. तिथून मोनॅको-माँतों करायचं तर रोज तासाहून जास्त प्रवास. शिवाय जूनमध्ये तिथे जाहिरात क्षेत्राचा मोठा महोत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात.

हॉटेल निवडताना नकाशावर दोन खुणा धरा: नीस-व्हिल स्टेशन आणि मासेना चौक. या दोघांना जोडणाऱ्या झाँ-मेदसाँ रस्त्याच्या आसपास राहा. तिथून स्टेशन आणि समुद्र, दोन्हीकडे ट्रामने किंवा पायी जाता येतं. जुन्या गावातल्या गल्ल्या फोटोत गोड दिसतात, पण तिथल्या बऱ्याच घरांना लिफ्ट नाही आणि जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आहेत. सासूबाईंसाठी ते टाळा. बुकिंगच्या पानावर ‘आसांसर’ म्हणजे लिफ्ट आहे का, हे नीट वाचा.

तारखांचं आधी बघा, कारण त्यात मोठी फसगत होऊ शकते. मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत 2025 पर्यंत मे महिन्याच्या शेवटी असायची. 2026 पासून ती जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी आणली आहे. जुनी माहिती वाचून लोक जूनचा पहिला आठवडा मोकळा समजतात. त्या चार दिवसांत नीसच्या खोल्याही महागतात आणि मोनॅकोकडच्या लोकलला मुंबईच्या सकाळसारखी गर्दी होते. तेव्हा शर्यतीच्या रविवारनंतरच्या सोमवारी नीसला उतरा. मुलाची शाळा एखादा दिवस बुडली तरी बुडू द्या.

समुद्राचं पाणी मात्र तुमच्या कल्पनेपेक्षा गार असेल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ते 19 ते 21 अंशांच्या आसपास असतं. गोव्याचं पाणी 28-30 अंशांचं. नऊ वर्षांचं पोर उत्साहात उडी मारेल आणि दहा-पंधरा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येईल. त्याला अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा निओप्रीनचा, म्हणजे ऊब धरणाऱ्या रबरी कापडाचा, सूट घ्या. खेळाच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. सूट अंगाला घट्टच बसायला हवा. वाढत्या अंगाचा म्हणून सैल घेतला तर आत गार पाणी खेळत राहतं आणि पैसे वाया जातात. पाणी ऊबदार हवं असेल तर खरा काळ जुलै ते सप्टेंबरचा. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची तिथे हमखास पावसाशी गाठ पडते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच तिथले सर्वांत पावसाळी महिने.

आता नीसच्या पाण्याविषयी, आणि हे नवऱ्यालाही वाचायला द्या. कोकणात, गोव्यात वाळू हळूहळू उतरत जाते. कमरेएवढ्या पाण्यात तीस-चाळीस पावलं चालता येतं. नीसला गोट्यांचा उतार एकदम घसरतो. चार-पाच पावलांत पाय सुटतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, दोन्हींतला फरक वीतभराचा. त्यामुळे आपण भरतीचं वेळापत्रक बघून समुद्र जोखतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. इथे वारा बघायचा. वारा समुद्राकडून सुटला की लाट अगदी काठावर, उभ्या उतारावर फुटते. परतणारं पाणी पायाखालचे गोटे खेचून नेतं, माणूस बसतो, आणि उठायच्या आत पुढची लाट अंगावर येते. लाट चार फुटांची असावी लागत नाही, गुडघ्याएवढी पुरते. चांगले पोहणारेसुद्धा पडतात ते खोल पाण्यात नाही, तर बाहेर येताना शेवटच्या दोन मीटरांत.

म्हणून बाहेर पडण्याची एक रीत मुलाकडून पहिल्याच दिवशी, शांत पाण्यात करून घ्या. काठापासून थोडं दूर थांबून तीन-चार लाटा जाऊ द्यायच्या. एक लाट पुढे गेली की तिच्या पाठोपाठ यायचं. हाताला गोटे लागले की उभं राहायचं नाही; हात आणि गुडघे टेकून रांगत, न थांबता, ओल्या गोट्यांची रेघ ओलांडायची. समुद्राकडे पाठ करून चष्मा पुसत उभं राहायचं नाही. मुलाला धरताना पंजा धरू नका, तो ओला असतो आणि सुटतो. दंड धरा.

निशाणाकडे बघायची सवय लावा. हिरवं म्हणजे जीवरक्षक आहे आणि धोका नाही. पिवळं म्हणजे जपून. लाल म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. निशाणच नसेल तर जीवरक्षक नाही, एवढंच समजा. समुद्र सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मदतीसाठी 112 हा क्रमांक सगळीकडे चालतो.

चौघांसाठीही पुढून बंद, जाड तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. सँडल, फ्लोटर पाण्यात सुटून वाहतात, आणि दुपारी गोटे इतके तापतात की अनवाणी चार पावलं टाकवत नाहीत. आडवं व्हायला नुसता टॉवेल नेलात तर दहा मिनिटांत पाठ कुरकुरेल. घडीची फोमची चटई घ्या. सासूबाईंनी गोट्यांवर उतरायचंच नाही. वर प्रोमनाद देझांग्ले या सात किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, समुद्राकडे तोंड करून, फुकट. संध्याकाळी सहाला त्यांना तिथे बसवा. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे तीन तास निवांत मिळतात. समुद्रावर जायची तुमचीही योग्य वेळ दुपारी चारनंतरचीच. बारा ते चार तिथलं ऊन आपल्याकडच्यासारखं घाम काढत नाही, म्हणून लागतंय हे कळत नाही, आणि रात्री खांदे लाल होतात.

जेलीफिशचं एक सांगून ठेवतो. जांभळट, तळहाताएवढी जात वाऱ्याबरोबर काठाला येते. डंख बसला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. दोन्हींनी कातडीला चिकटलेल्या, न फुटलेल्या पेशी फुटतात आणि आग वाढते. समुद्राचंच पाणी ओता, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा आणि जीवरक्षकांच्या ठाण्यावर जा.

वाळूसाठी दोन जागा पुरेत. पहिली आंतीबची ग्राव्हेत. जुन्या तटबंदीच्या आडोशाला, बंदराच्या शेजारी छोटासा अर्धगोल, खरी वाळू, उथळ पाणी, लाट जवळजवळ नाही. तुमच्या मुलाची जागा हीच. नीसहून लोकलने वीस-पंचवीस मिनिटं आणि स्टेशनपासून सपाट रस्त्याने दहा-बारा मिनिटं चालणं. जागा लहान असल्यानं अकरापर्यंत भरते. साडेनऊला पोचा किंवा सरळ चारनंतर जा. दुसरी झ्युआँ-ले-पाँ, त्याच लाइनवरचं पुढचं स्टेशन, लांब वाळूची पट्टी, पण बराच भाग खासगी खुर्च्यांनी अडवलेला. त्या खुर्च्यांमधून पाण्याकडे जायला किंवा काठाने चालायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. फ्रान्सचा 1986 चा किनारा कायदा समुद्रकाठ सगळ्यांना खुला ठेवतो. पैसे खुर्चीचे आणि छत्रीचे. मात्र सासूबाई सोबत असतील त्या दिवशी एक खुर्ची भाड्याने घ्याच. सावली, पाठीला टेका आणि जवळ स्वच्छतागृह, हे तिन्ही एकदम दुसरीकडे मिळत नाही.

व्हिलफ्राँशची वाळू जाडीभरडी आहे, पण स्टेशनच्या अगदी खालीच समुद्र आणि खाडी अप्रतिम. नीसपासून दहा मिनिटांच्या आत. फक्त स्टेशनवरून खाली पायऱ्या आहेत, त्यांचा विचार करा.

लोकलच्या बाबतीत चूक होते ती तिकिटात. तिकीट त्या तारखेचंच असतं, उद्या चालवू म्हटलं तर दंड होतो. मुलाला अर्धं तिकीट. सकाळी नऊच्या आधी मोनॅकोकडे आणि संध्याकाळी पाच-साडेसहाला मोनॅकोहून परत येणाऱ्या गाड्यांत नोकरदारांची खच्चून गर्दी असते. सासूबाईंना घेऊन सव्वानऊनंतर निघा, चारच्या आत फिरा. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपवर गाड्या तपासा, संप असला तर तिथे दिसतो. पासपोर्ट जवळ ठेवा. इटलीच्या बाजूने येणाऱ्या गाड्या माँतोंला थांबवून पोलिस कागद बघतात. पाकीटमारी ट्राममध्ये आणि लोकलमध्ये, दार बंद व्हायच्या क्षणाला होते, आणि समुद्रावर चौघंही एकदम पाण्यात गेल्यावर. एकाने काठावर थांबायचंच.

आणखी एक नेहमीची चूक. एझ नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव बघायला लोक ‘एझ’ स्टेशनवर उतरतात. स्टेशन समुद्राकाठी, गाव चारशे मीटर वर. मधली पायवाट तास-दीड तासाची, दगडी, उन्हातली. एझला नीसहून बसनेच जा, आणि सासूबाईंना घेऊन जाऊच नका, गावात सगळ्या पायऱ्याच आहेत. त्यांना मोनॅको दाखवा. तिथे डोंगरउतारावर वसलेल्या गावात सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने जागोजाग आहेत, स्टेशनातच सुरुवात होते. राजवाड्यापुढे पहारा बदलतो तो 11:55 ला. मोनॅकोत पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने रस्त्यावर फिरायला बंदी आहे, मुलाला टी-शर्ट घालूनच निघा. नीसमध्येही जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे, समुद्राच्या बाजूच्या बुरुजापाशी.

तुमच्या कपड्यांचं. समुद्रावर पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहण्याचा घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग्ज घालून खुशाल पोहा, कुणी अडवणार नाही. अडचण हॉटेलच्या आणि नगरपालिकेच्या तलावांची. तिथे नियम वेगळे असतात, पुष्कळ ठिकाणी पुरुषांच्या सैल शॉर्ट्सनाही मनाई आणि टोपी सक्तीची. नवऱ्यासाठी एक घट्ट स्विमिंग ट्रंक बॅगेत टाका. काठावर काही बायका वरचे कपडे न घालता ऊन खात पडलेल्या असतात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या अवघडणार नाहीत, आणि फोटो काढताना कॅमेरा समुद्राकडेच ठेवा.

खाण्यात नीस सासूबाईंना आवडेल, कारण इथला रस्त्यावरचा मुख्य पदार्थ हरभऱ्याच्या पिठाचा आहे. सोक्का. पीठ, त्याच्या दुप्पट पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच. हे पातळ मिश्रण काही तास मुरवतात, मोठ्या कल्हईच्या तांब्याच्या परातीत जेमतेम पसरेल इतकं ओततात आणि लाकडाच्या भट्टीत ढकलतात. वरून करपल्याचे डाग, कडा कुरकुरीत, मधे मऊ, जवळजवळ पिठल्यासारखं. खरवडून ताटलीत देतात, वर काळी मिरी. गरम असतानाच खायचं, पाच मिनिटांनी ते चामट होतं. कांदा, लसूण, अंडं काही नाही. फक्त त्याच भट्टीवर पिसालादिएर असते, कांद्याची, दिसायला शाकाहारी, पण तिच्यात अँकोव्ही मासा असतो. उलथनं वेगळं घ्या अशी विनंती करा.

तोच मासा इतरत्रही लपतो. नीसचं प्रसिद्ध सॅलड आणि पां बान्या नावाचा गोल पाव, दोन्हींत ट्यूना किंवा अँकोव्ही आणि अंडं. भरलेल्या भाज्या असतात त्यांत मांस. आणि ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की वेटर अंडं आणि चीज धरूनच चालतो. म्हणून ‘मांस नको, मासे नकोत, अंडं नको’ हे फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. उच्चारांच्या भानगडीत पडू नका. चीजबद्दल त्या किती काटेकोर आहेत ते विचारा, कारण पार्मेजान चीज रेनेटशिवाय, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाशिवाय, होत नाही आणि ते तुळशीच्या सारात, पास्त्यात, सगळ्यात असतं. हॉटेलात पाण्याची बाटली मागवू नका. ‘काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये फुकट येतं. जेवण बारा ते दोन आणि रात्री सातनंतर. तीन वाजता भूक लागली तर पुष्कळ स्वयंपाकघरं बंद असतात.

सात रात्रींपैकी निदान काही रात्री स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतलात तर सासूबाई सुखी होतील. पण घरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेऊ नका. तिथल्या फ्लॅटमध्ये बहुधा इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर तो तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला न्या. बॅगेत भाजणी, मेतकूट, मसाले, पोहे चालतात. तूप, पनीर, खवा युरोपात न्यायला बंदी आहे, आणि हापूसही नाही, ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय आत येत नाहीत. भाजीला कूर सालेयाचा बाजार, मंगळवार ते रविवार सकाळी. सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, भाजी नसते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या तारखा भरभर जातात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. फी मोठ्यांना 90 युरो, मुलाला 45, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा, जायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत, एक दिवसही कमी नको. सासूबाईंचा रक्तदाब, साखर जे असेल ते विम्यात लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारतात. त्यांचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर तुमच्या नवऱ्याचं खर्च उचलण्याचं पत्र आणि नात्याचा पुरावा जोडा. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊ लागले आहेत, बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. विमान पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे असेल तर ही रांग तिथेच लागेल, मधे तीन तास ठेवा. दुबईमार्गे गेलात तर रांग थेट नीसला.

राहिलं मार्सेल. नीसहून जायला अडीच तासांच्या वर लागतात, परत तेवढेच. त्या गुडघ्यांनी एका दिवसात जाऊन येऊ नका. तिकिटंच अशी काढा की नीसला उतरायचं आणि मार्सेलहून परत निघायचं. नीसला सहा रात्री, मार्सेलला शेवटची एक. 8 जुलै 1910 रोजी सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या शौचकुपाच्या गवाक्षातून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्याला लागले. लोक शहराच्या मधल्या जुन्या बंदरावर फोटो काढून येतात. पण एवढ्या मोठ्या बोटी त्या छोट्या बंदरात शिरत नसत, त्या उत्तरेच्या व्यापारी बंदरात लागत. ते बंदर आजही चालू आहे, कुंपणाच्या आत आहे, धक्क्यावर जाता येत नाही. सासूबाईंना सेंट शार्ल स्टेशनवरून मेट्रोच्या 2 नंबरच्या लाइनने जोलिएतला न्या. तिथे समुद्राच्या बाजूला ‘ले तेरास द्यू पोर’ हा मॉल आहे. लिफ्टने वर गेलं की त्याची लांबलचक गच्ची थेट बंदरावर उघडते, बसायला जागा आहे, आणि समोर धक्के, बोटी आणि त्यांच्या मधलं पाणी दिसतं. सकाळी दहाला जा, ऊन पाठीशी असतं.